दोन पायांची बंदूक

मंडळी, आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. रायफलीच्या पुढच्या भागाला खालून दोन पाय लावलेले असतात, युद्धपटांत हमखास दिसतात, ते आठवतात का? त्याला बायपॉड म्हणतात. मराठीत याला शब्द नाही असं वाटतं खरं, पण आमच्या नायगावकडे (जिल्हा नांदेड) कुणालाही हे चित्र दाखवलं तर तो म्हणेल, हे तर दुबेळकं! फांदी जिथे दोन वाटांनी फुटते तिथून तोडली की झालं दुबेळकं. वेलाला आधार, छपराला आधार, मांडवाला आधार. बायपॉडमध्ये ती दोन टोकं वर नसून खाली असतात, एवढाच काय तो फरक.

तर प्रश्न असा की बंदुकीला हे दुबेळकं मुळात लागलं कशाला? आणि लागलं होतं तर नेमबाजीच्या खेळातून ते हद्दपार का झालं? कारण आज ऑलिंपिकमध्ये पॉइंट टू टू रायफलीच्या स्पर्धेत कुणी बायपॉड लावून उभा राहिला तर त्याला एक गोळीही झाडू देणार नाहीत. या 'का' मागे पाचशे वर्षांची गोष्ट आहे. ती मला भयंकर आवडली, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिलं कारण : वजन

सुरुवातीच्या बंदुकांना टेकू लागला तो नेम चांगला बसावा म्हणून नाही, तर बंदूक उचलवत नव्हती म्हणून. सोळाव्या शतकातली युरोपातली जड मस्केट सात-आठ किलोंपर्यंत जायची. शिपायाच्या एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात लोखंडी बेळकं बसवलेली काठी. काठी जमिनीत रोवायची, बेळक्यात नळी ठेवायची, पेटता तोडा सांभाळायचा आणि बार काढायचा. सतराव्या शतकात बंदुका हलक्या झाल्या आणि या काठ्या हळूहळू नाहीशा झाल्या. कारण संपलं, टेकू संपला.

तिबेटात मात्र तो टिकला. तिथल्या लांब तोड्याच्या बंदुकांना बिजागरीवर फिरणारे दोन अणकुचीदार पाय असायचे, बरेचदा हरणाच्या शिंगांचे. बसून किंवा पडून बार काढायचा, चालताना पाय नळीच्या बाजूला दुमडून ठेवायचे. आजच्या घडीच्या बायपॉडचे हे सख्खे पणजोबाच म्हणायचे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे टेकू बंदुकीबरोबर फिरवण्यापेक्षा तो भिंतीतच बांधून ठेवण्याकडे कल होता. नायगावहून पश्चिमेला कंधार, नैर्ऋत्येला उदगीर, त्यापलीकडे औसा. तिन्ही भुईकोट. अशा किल्ल्यांच्या तटाला ज्या अरुंद तिरप्या फटी असतात त्यांना जंग्या म्हणतात. आपण किल्ल्यावर गेलो की जंगीतून डोकावून फोटो काढतो :) पण तिचं काम दुहेरी होतं. आतल्या माणसाला आडोसा आणि त्याच्या बंदुकीला टेकण. किल्ल्यांवर जेजाला असायच्या. जेजाल म्हणजे बंदूक आणि तोफ यांच्या मधलं प्रकरण, लांब आणि जड. खांद्यावर घेऊन उडवायचा प्रश्नच नाही, ती तटावर टेकवूनच उडवायची. याच घराण्यातला जंबुरा चक्क उंटाच्या पाठीवर खिळीवर बसवत. म्हणजे टेकूला पाय दोन नाहीत, चार! १७६१ साली पानिपतावर अब्दालीच्या या उंटांवरच्या जंबुऱ्यांनी आपल्या लोकांचं काय केलं ते वेगळं सांगायला नको.

त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १७६० च्या सुरुवातीला, आमच्याच मुलखात उदगीर-औशाच्या परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाला जेरीस आणलं होतं. त्या मोहिमेत इब्राहिमखान गारदी भाऊंच्या बाजूने होता. त्याची कवायती पलटण रांगेत उभी राहून एकदम फैर झाडायची, आणि तिला कसलाही टेकू नव्हता. याचं कारण बंदुकीच्या नळीत आहे. त्या काळच्या नळ्या आतून गुळगुळीत. गोळी नळीपेक्षा जराशी लहान, ती आत डुगडुगत बाहेर पडायची. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरणं म्हणजे नशिबाचा खेळ. मग हात स्थिर ठेवून उपयोग काय? उपयोग होता तो शंभर जणांनी एकदम घोडा दाबण्याचा. थोडक्यात, हत्यारच अचूक नसेल तर माणसाची स्थिरता वाया जाते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राणीची गोळी

नळीच्या आत मळसूत्री आटे पाडायचे, म्हणजे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. ही युक्ती जुनीच होती, पण सगळ्या सैन्याला अशा रायफली मिळाल्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. आणि आता पहिल्यांदाच हात किती स्थिर आहे याला किंमत आली.

२ जुलै १८६० रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या माळावर (हो, टेनिसवालं विम्बल्डनच, पण टेनिस तिथे नंतर आलं) ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली. उद्घाटनाला खुद्द व्हिक्टोरिया राणी. पहिली गोळी तिने झाडायची होती. आता राणीची गोळी चुकली तर कसं व्हायचं? मग व्हिटवर्थ या नामांकित इंजिनिअरने आपली रायफल एका लोखंडी घोडीवर घट्ट बसवली, चारशे यार्डांवरच्या निशाणावर आधीच रोखून ठेवली आणि घोड्याला रेशमी दोरी बांधून ती राणीच्या हातात दिली. राणीने दोरी ओढली. गोळी निशाणाच्या केंद्रापासून सव्वा इंचावर लागली!

टाळ्या झाल्याच असतील. पण मला या प्रसंगात गंमत वाटते ती वेगळी. या गोळीत राणीचं कौशल्य शून्य. नेम व्हिटवर्थचा, स्थिरता लोखंडाची, राणीची फक्त दोरी. या स्पर्धेची सुरुवातच अशी शंभर टक्के टेकूवर झाली, आणि त्यानंतरचा या खेळाचा इतिहास म्हणजे तो टेकू काढून घेण्याचा इतिहास आहे. कारण खेळात शोधायचं असतं ते माणसाला काय येतं हे. लोखंडाला काय येतं ते राणीने एका गोळीत दाखवून दिलंच होतं.

पॉइंट टू टू

१८८७ साली अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल हे काडतूस आणलं. छोटं, स्वस्त, आवाज कमी, धक्का जवळजवळ नाहीच. पण ते जगभर पसरायला एक युद्ध कारणीभूत झालं. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी दगडाआडून अचूक गोळ्या घालून इंग्रजी फौजेची पार शोभा केली. आपल्या लोकांना नेमच येत नाही हे इंग्रजांच्या ध्यानात आलं. मग १९०१ मध्ये छोट्या रायफलींच्या क्लबांची संघटना उभी राहिली आणि लॉर्ड रॉबर्ट्सने तिचा हिरिरीने पुरस्कार केला. गावोगावच्या हॉलमध्ये २५ यार्डांवर कागदी निशाणं लागली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्मॉलबोअर रायफलीच्या स्पर्धाही आल्या.

हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते दोन वाटांनी. एक वाट १९५१ ची. त्या वर्षी नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिचे संस्थापक अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे पुढच्याच वर्षी लोकसभेचे पहिले सभापती झालेले दादासाहेब मावळंकर. कोकणातल्या घराण्यातला, गुजरातेत वाढलेला हा गांधीवादी वकील रायफल संघटनेचा अध्यक्ष! पण त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदित नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी पायरी आहे.

दुसरी वाट १९४८ च्या कायद्याने आलेल्या एनसीसीची. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या पोरांचा रायफलीशी पहिला आणि बहुधा शेवटचा संबंध येतो तो इथेच. खाकी गणवेश, मातीत पालथं पडणं, पंचवीस यार्डांवरचं निशाण आणि पाच गोळ्या. त्या पाच गोळ्या जवळजवळ लागल्या की उस्ताद म्हणतो 'ग्रुप अच्छा है', आणि पोराचं डोकं कायमचं फिरतं.

नायगावच्या माझ्या भाच्याचं असंच फिरलं आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला, "मामा, बायपॉड कोणता घेऊ? युट्यूबवर एक बघितलाय, लई भारी आहे." क्लबची पॉइंट टू टू त्याला सरावाला मिळते, पुढे स्पर्धेत उतरायचं आहे. सोयाबीनच्या पैशातून त्याच्या वडिलांनी सहा-सात हजार रुपये बाजूला काढून दिले आहेत. हे सहा-सात हजार काही ऑफिसच्या पार्टीत उडवायचे पैसे नाहीत. एका हंगामातून एवढेच निघणार, आणि ते चुकीच्या वस्तूवर गेले तर पुढच्या सुगीपर्यंत थांबायचं. तेव्हा उत्तर विचार करूनच द्यायला हवं होतं.

दोन कोपरं

आधी नियम बघू. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत ५० मीटर रायफलीच्या स्पर्धेत रायफलीला कुठलाही टेकू चालत नाही. चालतो तो एक पट्टा. हा पट्टा डाव्या दंडाला बांधतात आणि रायफलीच्या पुढच्या भागाला अडकवतात. पालथं पडून दोन्ही कोपरं जमिनीवर टेकायची. डावा हात रायफलीखाली खांबासारखा उभा राहतो आणि पट्टा तो खांब कोसळू देत नाही. नीट जमलं तर स्नायूंना काम उरत नाही. रायफलीचा भार पट्टा आणि हाडं पेलतात. म्हणजे बघा, दुबेळकं गेलं कुठेच नाही, ते माणसाच्या अंगात शिरलं. दोन कोपरं हेच दोन पाय. आणि माणसाने फारच सपाट लोळू नये म्हणून नियम असा की पट्ट्याच्या हाताचा पुढचा भाग जमिनीशी किमान ३० अंशाचा कोन करून असला पाहिजे. गुडघ्यावर बसून झाडताना पट्टा चालतो, उभ्याने झाडताना तोही नाही.

हे किती अवघड आहे? आपल्या पद्धतीने हिशोब करू. निशाणावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. गोळीची कड नुसती वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीच्या मध्याला केंद्रापासून साधारण ८ मिलिमीटरची मुभा. अंतर ५० मीटर. रायफल सव्वा मीटरच्या आतबाहेर धरा. त्रैराशिक मांडलं तर नळीचं टोक जास्तीत जास्त ०.२ मिलिमीटर हललेलं चालतं. प्रिंटरच्या दोन कागदांची जाडी, बस्स. आणि या दोन कागदांत तुमचा श्वास, नाडीचे ठोके आणि बोटाची हालचाल हे सगळं बसवायचं. तेही एकदा नाही, साठ वेळा.

८ ऑगस्ट २०१० रोजी म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे याच पालथ्या स्थितीत, ६०० पैकी ५९७ गुण मिळवले. साठ गोळ्या, फक्त तीन गुण गेले! जागतिक विक्रमाशी बरोबरी आणि सुवर्णपदक. रायफलीत विश्वविजेती झालेली ती पहिली भारतीय स्त्री. पुढे रिओनंतर ऑलिंपिकमधून पुरुषांची प्रोन स्पर्धा वगळली गेली (महिलांची वैयक्तिक प्रोन तिथे कधी नव्हतीच), पण तीन स्थितींच्या स्पर्धेत प्रोन आहेच. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या त्या स्पर्धेत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा स्वप्नील कुसाळे ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेऊन आला. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली, तेजस्विनी, स्वप्नील... महाराष्ट्राची ही रायफलीची परंपरा पट्टा आणि हाडं यांच्या जोरावरची आहे. लोखंडी पायांवरची नाही.

पाय परत आले

इथे गोष्ट संपली असती तर 'टेकू वाईट, अंगमेहनत चांगली' असं तात्पर्य काढून मी मोकळा झालो असतो. पण ती संपत नाही.

कॅनडात जॉर्ज फार्कर्सन नावाचा एक मुरलेला नेमबाज होता. वय झालं, पट्ट्याने रायफल धरणं जमेना, डोळेही साथ देईनात. खेळ सोडायचा का? त्याने मागणी केली, मला टेकू आणि दुर्बीण लावून खेळू द्या. त्यातून जो नवा प्रकार निघाला त्याला त्याच्याच नावावरून एफ-क्लास म्हणतात. त्यातल्या एका गटात बायपॉड अधिकृत आहे. पण फुकट नाही हं! टेकू दिला म्हणून निशाणाची आतली वर्तुळं लहान करून निम्म्यावर आणली. स्पर्धा मोठ्या काडतुसांची आणि लांब पल्ल्याची. तिथे वारा ओळखणं हेच खरं कौशल्य, हात स्थिर ठेवणं नाही.

पॅरालिंपिकमध्ये तर आणखी सुंदर विचार आहे. ज्यांच्या हातांना रायफलीचं वजन पेलत नाही त्यांचा गट वेगळा (एसएच-२). त्यांना रायफल टेकवायला स्टँड मिळतो, पण त्याला स्प्रिंग असते. वजन स्टँड पेलतो. रायफल मात्र हलत राहते, आणि ती शांत करण्याचं काम खेळाडूचंच. म्हणजे देहाला जे शक्य नाही तेवढंच काढून घ्यायचं आणि खेळ शिल्लक ठेवायचा. न्याय म्हणजे काय ते एका स्प्रिंगमध्ये बसवलंय.

मग घ्यायचा तर कसा?

आता बायपॉडकडे. पॉइंट टू टू रायफलीला तो कधी लावावा? माझं मत असं की तो डीबगिंगचं साधन म्हणून लावावा. आपण कोडमधला दोष शोधताना काय करतो? एका वेळी एकच गोष्ट बदलतो. गोळ्या पसरून लागतायत, तर दोष माणसाचा, रायफलीचा की काडतुसाचा? माणूस बाजूला काढल्याशिवाय कळणार नाही. .२२ ची काडतुसं तर भलतीच लहरी. एकाच कंपनीची दोन वेगळ्या खेपांची काडतुसं एकाच रायफलीत वेगळी वागतात. मोठे खेळाडू म्हणूनच रायफल घट्ट पकडीत बसवून खेपा तपासून घेतात. व्हिटवर्थची लोखंडी घोडीच ती! आपल्याला ती परवडत नसेल तर पुढे बायपॉड आणि मागे दस्त्याखाली वाळूची छोटी पिशवी, एवढ्यावर काम भागतं.

निवडताना आणि बसवताना बघायच्या गोष्टी :

१. उंची. पालथं पडून किंवा टेबलावरून झाडायचं असेल तर सहा ते नऊ इंचांचे पाय पुरतात. जास्त उंच म्हणजे जास्त डुगडुग.

२. बायपॉड नळीला कधीही बांधायचा नाही. गोळी सुटताना नळी थरथरते, तिला कुठे दाब आला की गोळीची जागा बदलते. म्हणून तो लाकडाच्या पुढच्या भागाला लावायचा. साध्या रायफलीला पट्टा अडकवायचा खुंटा असतो, त्यावर बसतो. स्पर्धेच्या रायफलीला खालून खाच असलेली पट्टी असते, तिच्यासाठी जोडतुकडा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो आपल्याच खाचेच्या मापाचा आहे ना हे आधी मोजून बघायचं.

३. बसवल्यावर नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघायची. अडकली तर लाकूड दाबलं जाऊन नळीला टेकतंय.

४. पाय पसरून रायफल हलकेच डावी-उजवीकडे कलवून बघायची. जमीन असमान असली तर सरळ करता यावी म्हणून थोडा कल देणारा प्रकार बरा. पण तो सैल असेल तर नसलेला परवडला.

५. नुसत्या फरशीवर पाय उसळतात. खाली सतरंजी किंवा चटई टाकायची, आणि प्रत्येक गोळीला खांद्याचा दाब सारखाच ठेवायचा.

६. सगळ्यात महत्त्वाचं, बायपॉडवर साइट जुळवून ठेवली तर पट्ट्यावर ती तशीच लागेल असं गृहीत धरायचं नाही. आधार बदलला की गोळीची जागाही सरकू शकते. टेस्ट सर्व्हरवर चाललं म्हणजे प्रॉडक्शनवर चालेलच असं नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं :)

भाच्याला मी सांगितलं ते एवढंच की आधी पट्टा घे, डाव्या हाताचा जाड हातमोजा घे, अंगाखाली घ्यायची चटई घे. उरलेल्या पैशात काडतुसं, जी झाडल्याशिवाय काही येत नाही. बायपॉड क्लबने एकच घ्यावा, सगळ्यांनी मिळून वापरावा, महिन्यातून एकदा रायफल आणि काडतूस तपासायला. त्याला हे फारसं रुचलं नाही. युट्यूबवर पट्टा भारी दिसत नाही ना!

पण पाचशे वर्षांचा हिशोब मांडला तर मला एवढंच दिसतं की टेकू चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो आपण कुणाची परीक्षा घेतोय याचा. रायफलीची परीक्षा घ्यायची असेल तर माणसाला टेकू देऊन बाजूला करा. माणसाची घ्यायची असेल तर टेकू काढून घ्या, आणि जो जन्मतःच किंवा वयामुळे खाली आहे त्याला नेमका तेवढाच परत द्या. गोंधळ होतो तो राणीच्या दोरीला आपण राणीचा नेम समजतो तेव्हा. आणि हे फक्त रायफलीपुरतं नाही, आपल्या धंद्यातही अशा रेशमी दोऱ्या कमी नाहीत. असो, त्यावर पुन्हा कधीतरी.